केंड मासा अन्न नाकारतो तेव्हा

कोकण किनाऱ्यावर केंड हा मच्छीमारांची जाळी कुरतडणारा उपद्रवी मासा म्हणून ओळखला जातो. त्याचेच प्रवाळ खडकांत राहणारे भाईबंद, विशेषतः 'डॉगफेस पफर', शहरांतील हौशी मंडळींच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीत दिसतात. माणूस काचेजवळ येताच खाण्याच्या आशेने पुढे धावणारा हा खादाड मासा अन्नाकडे पाठ फिरवू लागला, तर त्यामागे निश्चित कारण असते. ते शोधताना क्रम पाळणे महत्त्वाचे. औषध हा पहिला नव्हे, तर शेवटचा उपाय आहे.

पाण्याची तपासणी

सर्वप्रथम पाणी तपासावे. अमोनिया व नायट्राइट शून्य असावेत. तापमान २४ ते २७ अंश सेल्सियस, सामू ८.१ ते ८.४ आणि विशिष्ट गुरुत्व १.०२० ते १.०२५ यांदरम्यान असावे. केंड अन्नाचे तुकडे सांडत खातो. ते कुजले की पाणी झपाट्याने बिघडते. नव्या पेटीत अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यापूर्वी मासा सोडला असल्यास दोष बहुधा पाण्याचाच असतो. अशा वेळी तेवढ्याच क्षारतेचे व तापमानाचे पाणी तयार करून पेटीतील एक चतुर्थांश पाणी बदलावे.

भीती की पोट भरलेले?

नुकताच आणलेला मासा काही दिवस खात नाही. दिवे मंद ठेवावेत, लपण्यास दगडांचा आडोसा द्यावा आणि त्रास देणारा सोबती वेगळा करावा. मात्र त्याला फुगवून पाहण्याची गंमत कोणी करू नये. जागा बदलताना जाळीने उचलण्याऐवजी पाण्याखालीच भांड्यात घ्यावे. बाहेर हवा गिळून तो फुगला तर ती हवा बाहेर टाकणे त्याला कठीण जाते. पूर्ण वाढलेल्या केंडाला आठवड्यातून दोन-तीनदा दिलेले अन्न पुरते, हेही विसरू नये.

वाढलेले दात

केंडाच्या दोन्ही जबड्यांत मिळून चार दात असतात. ते जुळून चोचीसारखे होतात आणि आयुष्यभर वाढत राहतात. समुद्रात खेकडे, शिंपले फोडताना ते झिजतात. पेटीत केवळ मऊ मांस मिळाल्यास ते इतके वाढतात की तोंड उघडणेच अशक्य होते. मासा अन्नाजवळ येतो, तोंड लावतो आणि सोडून देतो, हे याचे ठळक लक्षण. दात कापणे हे माशाला गुंगी देऊन करावयाचे काम असल्याने ते जाणकार पशुवैद्यकाकडेच सोपवावे.

आहार व आजार

कवचासह कोळंबी, तिसऱ्या, कालवे, लहान खेकडे आणि माकूल असे अन्न आलटून पालटून द्यावे. काही शिंपल्यांत व कोळंबीत थायमिनेज हे विकर असते. तेच ते अन्न महिनोन्महिने दिल्यास ब१ जीवनसत्त्वाची उणीव निर्माण होऊ शकते. म्हणून अन्नाला अधूनमधून जीवनसत्त्वाचे थेंब लावावेत. रुसलेल्या माशासमोर चिमट्याने तिसरीचा तुकडा हलवून पाहावा. न खाल्लेले अन्न लगेच काढून टाकावे.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, जलद श्वास, खपाटीला गेलेले पोट किंवा पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा ही परजीवींची चिन्हे होत. केंडाला नेहमीचे खवले नसल्याने तांबेयुक्त औषधे त्याला सहज बाधतात. उपचार वेगळ्या टाकीत आणि तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावेत.

भरल्या अंगाचा मोठा केंड काही दिवस उपाशी राहिला तरी तग धरतो. परंतु पोट खपाटीला जाऊ लागले किंवा आठवडा उलटला, तर वाट पाहू नये. आणि प्रयत्न करूनही तो दगावलाच, तर त्याला मांजर-कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नये. त्याच्या शरीरातील टेट्रोडोटॉक्सिन हे विष त्यांच्या जिवावर बेतू शकते.