बंदर गेले, नगरपालिका राहिली

महाराष्ट्रात आज एखाद्या गावाला नव्याने नगरपालिका हवी असेल, तर 1965च्या कायद्यातील इतर अटींबरोबर वस्तीही किमान 25 हजारांची लागते. 10 ते 25 हजारांच्या गावासाठी नगरपंचायतीची सोय आहे. 2011च्या जनगणनेत राजापूर शहराची लोकसंख्या भरली 9,753. नुसती डोकी मोजायची म्हटली तर नगरपालिका दूरच, नगरपंचायतीलाही अडीचशे माणसे कमी पडली. तरीही राजापूरला नगरपालिका आहे आणि ती 1876 पासून आहे.

हा मान राजापूरला मिळाला तो नदीमुळे. सह्याद्रीवरून उतरणारी अर्जुना आणि तिला शहराशीच येऊन मिळणारी कोदवली, या दोघींच्या काठावर हे गाव चढउताराच्या अरुंद गल्ल्यांनी वसले आहे. पुढे अर्जुनेची खाडी होते आणि जैतापूरजवळ समुद्राला मिळते. समुद्रापासून इतक्या आत, पण भरतीच्या पाण्याने गाठता येणारे बंदर म्हणजे व्यापाऱ्याला पर्वणीच. वाऱ्यावादळाची भीती नाही आणि पाठीमागे अणुस्कुऱ्याचा घाट चढला की थेट देश. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून उतरायचा आणि इथल्या धक्क्यावर गलबतांत भरला जायचा. मिरी आणि कापडासाठी 1649 मध्ये इंग्रजांनी इथे वखार घातली, तेव्हा गाव विजापूरच्या आदिलशाहीत होते.

मराठी वाचकाला राजापूर आठवते ते या वखारीमुळेच. 1660 मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरचा वखारवाला हेन्री रेव्हिंग्टन तोफा आणि दारूगोळा घेऊन जौहरच्या मदतीला गेला. बरे, गेला तो गुपचूप नव्हे. कंपनीचे निशाण फडकावत गेला. शिवाजी महाराजांनी हा हिशेब पुढच्याच वर्षी चुकता केला. 1661 मध्ये राजापूरवर छापा पडला, वखार खणून काढली गेली आणि इंग्रज कैद झाले. त्यांतले काही 1663 पर्यंत सुटले नाहीत. व्यापाऱ्यांची चिकाटी अशी की, नुकसानभरपाईचे तुणतुणे त्यांनी वर्षानुवर्षे वाजवत ठेवले. 1674 मध्ये राज्याभिषेकासाठी रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झिंडनच्या वाटाघाटींत राजापूरच्या नुकसानीपोटी 10 हजार होन ठरले.

पुढची दीडशे वर्षे भराभर सरकली. 1713 मध्ये गाव आंग्र्यांकडे गेले, 1756 मध्ये पेशव्यांनी ते घेतले आणि 1818 मध्ये इंग्रज आले, ते या वेळी राज्यकर्ते म्हणून. वखारीच्या भक्कम दगडी इमारतीत सरकारी कचेरी बसली.

या साऱ्या काळात एक सत्ता मात्र कोणाला विचारत नव्हती: गाळ. डोंगरउतारावरची माती दर पावसाळ्यात खाली येत राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभीचे गॅझेटिअर सांगते, की अरबांची जहाजे अजूनही थेट व्यापाराला येतात असे रत्नागिरी जिल्ह्यातले हे एकच बंदर. पण मोठे गलबत जुन्या धक्क्याच्या तीन मैल अलीकडेच थांबते. गंमत अशी की नगरपालिका आली ती याच उतरणीच्या काळात. बाजारपेठ होती, फरसबंदी रस्ते होते, कर भरू शकणारे व्यापारी होते; बंदर तेवढे आटत चालले होते. त्याच गॅझेटिअरात शहराच्या पाण्याचीही नोंद आहे: तीन मैलांवर कोदवलीला बांध घालून ते नळाने गावात आणलेले. मोठमोठी शहरे अजून विहिरींवर भागवत असताना आडबाजूच्या या गावाने नळाचे पाणी प्यावे, हे कौतुक करण्याजोगेच.

माणसे मात्र वाढली नाहीत. 1901 मध्ये इथे 5,178 लोक होते. त्यानंतरच्या 110 वर्षांत भारताची लोकसंख्या पाचपट झाली. राजापूरची दुप्पटही झाली नाही. यात राजापूर एकटेच नाही. 2001 ते 2011 या दशकात अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याचीच लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 वर उतरली, आणि जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया मोजल्या गेल्या. कारण कोकणात कोणालाही विचारा: कर्ता पुरुष मुंबईला. गणपतीला चाकरमानी परततात तेव्हा घरे भरतात, पण जनगणना भाद्रपदात होत नाही. कोकण रेल्वे आली तीही शहराला वळसा घालून. स्टेशन ‘राजापूर रोड’, आणि तिथून गावात यायला आणखी वाहन बघावे लागते.

राजापूरच्या नावाचा पंचा अजून ओळखीचा आहे, आणि दर काही वर्षांनी शेजारच्या उन्हाळ्यात गंगा प्रकटली की यात्रेकरूंची रीघ लागते. हे उन्हाळे म्हणजे ऋतू नव्हे, गरम पाण्याच्या झऱ्याचे गाव. गंगा तीन वर्षांनी येते असे म्हणतात. तीही वेळापत्रक फारसे पाळत नाही.

अर्जुना आणि कोदवली मात्र वेळ चुकवत नाहीत. जुलैमध्ये पाऊस लागून राहिला आणि वर भरती असली, की गाळाने उथळ झालेल्या पात्रातले पाणी जवाहर चौकात शिरते. नदीकाठचे दुकानदार आधीच माल वरच्या मजल्यावर, नाहीतर ओळखीच्याच्या घरी हलवतात. अलीकडे उन्हाळ्यात पोकलेन लावून पात्रातला गाळ उपसण्याची कामे झाली आहेत. गलबते पुन्हा धक्क्याला लागावीत असा त्यामागे हेतू नाही. पाणी दुकानाच्या पायरीखाली राहावे, एवढीच व्यापाऱ्यांची मागणी आहे.