मैदान नसलेला क्लब

क्लब म्हटला की त्याचे मैदान, त्याची वास्तू, वर्गणीदारांची यादी आणि तिजोरीतला शिलकी आकडा या गोष्टी आपण गृहीत धरतो. इंग्लंडातील एका क्लबाने यांपैकी मैदान, वास्तू आणि वर्गणी या तिन्हींवाचून 130 वर्षांहून अधिक काळ काढला आहे. त्याचे नाव बार्बेरियन्स, म्हणजे रानटी लोक. नाव रानटी असले तरी या क्लबात प्रवेश मिळण्याच्या अटी मात्र दोनच होत्या. खेळ उत्तम असावा आणि मैदानावर तसेच मैदानाबाहेर वर्तन सभ्य असावे.

रग्बी हा अंडाकृती चेंडूचा, अंगमेहनतीचा आणि झटापटीचा खेळ. एका संघात पंधरा खेळाडू असतात. चेंडू हातात घेऊन धावता येते, पण हाताने तो पुढे फेकता येत नाही. सहकाऱ्याकडे मागेच द्यावा लागतो. 1890 च्या सुमारास इंग्लंडातील क्लबांचा मोसम मार्चच्या आरंभी संपत असे. ब्लॅकहीथ क्लबाचे खेळाडू विल्यम पर्सी कार्पमेल यांना वाटले की, निरनिराळ्या क्लबांतील मंडळींना निमंत्रण देऊन एक फिरता संघ उभारावा. एप्रिल 1890 मध्ये ब्रॅडफर्ड शहरी रात्रीच्या जेवणानंतर ही कल्पना मंडळींनी उचलून धरली आणि 27 डिसेंबर 1890 रोजी हार्टलपूल रोव्हर्सविरुद्ध पहिला सामना झाला. पाहुण्यांनी तो 9-4 असा जिंकला. अंगात काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा सदरा, पायांत मात्र ज्याच्या त्याच्या मूळ क्लबाचे मोजे, असा वेष पुढे रूढ झाला. प्रत्येक जण आपले घर पायांत घालूनच येथे येत असे.

हा क्लब हौशी होता. खेळाबद्दल पैसा घ्यायचा नाही, हा त्या काळच्या रग्बीचा मूलमंत्रच होता. त्याचा गौरव पुष्कळ झाला आहे. परंतु इतिहास लिहिताना त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. यॉर्कशायर आणि लँकेशायर येथील खाणकामगार व गिरणीकामगार शनिवारी सामन्याला गेले की त्यांची मजुरी बुडे. ती भरून द्यावी, एवढीच उत्तरेकडील क्लबांची मागणी होती. 1893 मध्ये ती फेटाळली गेली आणि 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्ड येथे या क्लबांनी वेगळी चूल मांडली. बाहेर पडणाऱ्यांत ब्रॅडफर्डचा क्लबही होता. ज्या शहरात बार्बेरियन्सची कल्पना जन्मली, तेथील कामगारांनाच पाच वर्षांनी विनामोबदला खेळ परवडेनासा झाला. या क्लबातून 1894 साली खेळलेले आणि पुढे ब्लूमफाँटेनचे अँग्लिकन बिशप झालेले वॉल्टर केरी यांनी क्लबाला ब्रीद दिले. हा खेळ सर्व वर्गांतील सज्जनांचा आहे, दुर्वर्तनी खेळाडूला मात्र कोणत्याच वर्गात थारा नाही, असा त्याचा आशय. ब्रीद उदार खरे. परंतु घरची चूल पेटण्याची विवंचना नसलेल्यालाच ते पूर्णपणे पाळता येत होते.

असे असूनही या निमंत्रणाने जे दिले ते खोटे नव्हते. 1901 पासून ईस्टरच्या सुटीत हा संघ दक्षिण वेल्समधील पेनार्थ गावी मुक्काम करू लागला. गुड फ्रायडेला पेनार्थ, शनिवारी कार्डिफ, सोमवारी स्वान्सी आणि मंगळवारी न्यूपोर्ट, असा सामन्यांचा क्रम ठरून गेला. गुड फ्रायडेला खेळ ही गोष्ट आपल्या वाचकांना रुचणार नाही. तथापि पेनार्थसारख्या लहान क्लबातील पोरांना वर्षातून एकदा देशोदेशीच्या नामांकित खेळाडूंशी भिडण्याची संधी त्या दिवशी मिळे. ही प्रथा 1986 पर्यंत टिकली. शिवाय मोठ्या सामन्यांत, राष्ट्रीय संघात कधीही न निवडला गेलेला निदान एक तरी खेळाडू घ्यायचा, हा क्लबाचा संकेत. उपेक्षितासाठी एक जागा राखून ठेवणारी अशी रीत खेळात विरळाच.

पहिल्या महायुद्धात एडगर मॉब्ज या खेळाडूला वय अधिक म्हणून अधिकारपद नाकारले गेले. तेव्हा तो साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि त्याने आपल्यासोबत खेळाडूंची एक तुकडीच उभी केली. 31 जुलै 1917 रोजी तो रणांगणावर पडला. त्याचा देह सापडला नाही. 1921 पासून नॉर्थॅम्प्टन येथे त्याच्या स्मरणार्थ बार्बेरियन्स दरवर्षी खेळत आले. 2011 पर्यंत त्यांनी ते ऋण फेडले.

27 जानेवारी 1973 रोजी कार्डिफला न्यूझीलंडविरुद्ध झालेला सामना या क्लबाच्या वैभवाचा कळस होय. पहिल्या काही मिनिटांतच फिल बेनेटने स्वतःच्या गोलरेषेजवळ चेंडू उचलला, प्रतिस्पर्ध्यांना हुलकावण्या दिल्या आणि सात जणांच्या हातांतून फिरत तो गॅरेथ एडवर्ड्सने पलीकडच्या टोकाला नेऊन टेकवला. 23-11 असा विजय मिळाला. नेहमी एकत्र न खेळणाऱ्यांत असा मेळ बसावा, यातच निमंत्रणाची किमया दिसते. त्याच क्लबाने 1958 आणि 1969 साली वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला, हेही येथेच नोंदवले पाहिजे. सभ्य वर्तनाची अट खेळाडूला होती. यजमानाला ती कोणी घातली नाही.

ऑगस्ट 1995 मध्ये रग्बीत पैसा अधिकृतपणे आला. कामगारांची शंभर वर्षांपूर्वीची मागणी एका अर्थाने मान्य झाली. पण करारबद्ध खेळाडू सोडायला क्लब नाखूश होऊ लागले आणि 1996 नंतर ईस्टरची वेल्सवारी थांबली. क्लब मात्र मिटला नाही. 2017 साली त्याने स्त्रियांचा संघ उभारला आणि त्या संघाने पहिल्याच सामन्यात मन्स्टरला 19-0 असे हरवले.

खरा आघात ऑक्टोबर 2020 मध्ये झाला आणि तो पैशामुळे नव्हे. कोविडच्या साथीत काही खेळाडू नियम मोडून हॉटेलाबाहेर गेले आणि इंग्लंडविरुद्धचा सामना दोन दिवस आधी रद्द करावा लागला. ज्या क्लबाजवळ ना जमीन ना इमारत, त्याची सारी मालमत्ता म्हणजे निमंत्रितांवरचा विश्वास. तोच निमंत्रितांनी उधळला. जून 2022 मध्ये ट्विकनहॅमला याच संघाने इंग्लंडला 52-21 असे नमवले. परंतु विजयाने विश्वास परत मिळतोच असे नाही. कार्पमेलच्या दोन अटींपैकी पहिली पुरी करणारे खेळाडू आज सर्वत्र आहेत. दुसरी अट कोणताही करार लिहून देऊ शकत नाही. तो सदरा अंगात घालणाऱ्या प्रत्येकाने ती नव्याने पाळावी लागते, आणि क्लबाचे आयुष्य तेवढ्यावरच अवलंबून आहे.