कस्तुरीतील पंधरा कार्बन

कस्तुरीमृगाची कस्तुरी आणि जवादी मांजराची जवादी हे दोन्ही सुगंध अत्तरवाल्यांच्या जुन्या परिचयाचे. या वासांमागचे रेणू कसे असतात, हे १९२० च्या दशकात उलगडले ते लाव्होस्लाव रुझिच्का यांनी. क्रोएशियातील व्हुकोवारला १८८७ साली जन्मलेले रुझिच्का ओसियेक येथे शिकले आणि पुढे स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झाले. जवादीतील सिव्हेटोनमध्ये सतरा कार्बन अणूंचे वलय आहे आणि कस्तुरीतील मस्कोनमध्ये पंधरांचे, असे त्यांनी दाखवले.

यात नवल ते काय? १८८५ साली बायर यांनी मांडलेला ताणाचा सिद्धांत तेव्हा सर्वमान्य होता. कार्बनच्या दोन बंधांमधला स्वाभाविक कोन सुमारे १०९.५ अंशांचा. वलय सपाट मानले तर पंचकोनात तो १०८ अंश भरतो, पण सतरा बाजूंच्या आकृतीत १५९ च्या आसपास जातो. (हा हिशेब मुलांकडून जरूर करून घ्यावा.) एवढा ताण सोसून रेणू टिकेल कसा? म्हणून मोठी वलये अशक्यच, असे आम्हा रसायनवाल्यांचे पूर्वज धरून चालले होते. हिशेब चोख होता. पण मोठे वलय मुळी सपाट नसतेच. सैल दोऱ्यासारखे ते वळते, दुमडते, आणि ताण उरत नाही. रुझिच्कांना १९३९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

साराएव्होत १९०६ साली जन्मलेले व्लादिमिर प्रेलॉगही काही काळ ओसियेकलाच शिकले. तिथल्या इव्हान कुरिया या शिक्षकांनी त्यांना रसायनशास्त्राची गोडी लावली. इतकी, की पंधराव्या वर्षीच त्यांचे टिपण एका जर्मन नियतकालिकात छापून आले! आम्हाला हा तपशील त्यांच्या १९७५ च्या नोबेलइतकाच मोलाचा वाटतो. झाग्रेबमध्ये अध्यापन करून १९४१ साली ते झुरिचला रुझिच्कांकडे गेले. आठ ते अकरा अणूंची मधली वलये बनवणे इतके अवघड का, याचा त्यांनी छडा लावला: आतल्या बाजूस वळलेले हायड्रोजन अणू एकमेकांना रेटतात.

झाग्रेबमध्ये वलयांचे काम पुढेही झाले. एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकात चौदा अणूंचे वलय असते, पण जठरातील आम्लात ते बिघडते. प्लिव्हा कंपनीतील स्लोबोदान जोकिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली त्या वलयातील नाजूक कीटोन गट काढला आणि तिथे एक नायट्रोजन अणू गुंफला. वलय पंधरांचे झाले आणि आम्लात टिकू लागले. औषधांच्या दुकानात मिळणारे अॅझिथ्रोमायसिन ते हेच.