रिडक्समधील साचेबंद कोड : तो का वाढला, कसा घटला

वेब ॲप्लिकेशनमध्ये वापरकर्ता लॉग-इन आहे का, त्याने किती वस्तू निवडल्या आहेत, अशा सतत बदलणाऱ्या माहितीला स्टेट म्हणतात. ती सांभाळताना त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा लिहाव्या लागतात. या साचेबंद कोडला बॉयलरप्लेट म्हणतात. रिडक्स या लायब्ररीच्या इतिहासात त्याची वाढ आणि घट दोन्ही दिसतात.

पार्श्वभूमी

फेसबुकने २०१३ मध्ये रिॲक्ट सर्वांसाठी खुले केले. त्या काळात फेसबुकवर संदेश वाचल्यावरही न वाचलेल्या संदेशांचा आकडा पुन्हा दिसत असे. एकच माहिती अनेक भाग परस्पर बदलत असल्याने चुकीचे मूळ सापडणे कठीण होते. यावर उपाय म्हणून २०१४ मध्ये, माहिती एकाच दिशेने वाहील अशी फ्लक्स ही रचना मांडली गेली.

रिडक्सची शिस्त आणि तिची किंमत

२०१५ मध्ये डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांनी रिडक्स तयार केले. त्यावर फ्लक्सप्रमाणेच एल्म या भाषेचाही प्रभाव होता. सर्व स्टेट एका स्टोअरमध्ये राहते. काय घडले हे ॲक्शन सांगते आणि रिड्यूसर जुन्या स्टेटला हात न लावता नवी स्टेट परत करतो. त्यामुळे प्रत्येक बदलाचा माग काढता येतो.

पण एका साध्या बदलासाठी ॲक्शनच्या नावाचा स्थिरांक, ॲक्शन बनवणारे फंक्शन आणि रिड्यूसरमधील एक शाखा असे तीन तुकडे लिहावे लागत, तेही बहुधा वेगवेगळ्या फाइलींत. सर्व्हरकडून माहिती मागवताना सुरुवात, यश आणि अपयश यांसाठी हेच तीनदा करावे लागे. माहिती अनेक पातळ्यांची असेल, तर प्रत्येक पातळीची नवी प्रत हाताने करावी लागे. एखादी पातळी राहून गेली, तर जुनी स्टेटच नकळत बदले. २०१६ मध्ये खुद्द अब्रामोव्ह यांनीच लेख लिहून, प्रत्येक ॲप्लिकेशनला रिडक्सची गरज नसते, असे स्पष्ट केले.

घट

२०१८ च्या सुमारास मिशेल वेस्टस्ट्राट यांची इमर ही लायब्ररी आली. प्रोग्रामर मसुद्यात थेट बदल लिहितो आणि त्यावरून इमर नवी प्रत तयार करते. ऑक्टोबर २०१९ मध्ये रिडक्स टूलकिटची १.० आवृत्ती आली. तिच्यातील 'क्रिएटस्लाइस' हे फंक्शन इमर वापरते. रिड्यूसर लिहिला की ॲक्शनचे नाव आणि ती बनवणारे फंक्शन आपोआप तयार होते. २०२१ मध्ये सर्व्हरकडील माहिती आणण्याचे व साठवण्याचे कामही टूलकिटमध्ये आले. २०२२ मध्ये स्टोअर बनवण्याची जुनी पद्धत कालबाह्य म्हणून नोंदवली गेली, तरी ती चालू राहिली.

निष्कर्ष

साचेबंद कोड नाहीसा झाला नाही. तो लायब्ररीच्या पोटात गेला. आजही ॲक्शन पाठवली जाते आणि रिड्यूसर नवी स्टेट देतो. म्हणून टूलकिटने सुरुवात करणाऱ्या विद्यार्थ्याने निदान एक रिड्यूसर जुन्या पद्धतीने लिहून पाहावा. मसुद्याबाहेर, म्हणजे इमर नसलेल्या ठिकाणी, स्टेट थेट बदलली की चूक का होते, हे त्यातून कळते.