समुद्रप्रवासातील वेशांतराचे समारंभ : सहभाग आणि अलिप्तता यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

आपला नित्याचा वेश उतरवून काही काळ दुसऱ्याचे रूप धारण करण्याची प्रथा बहुतेक सर्व मानवी समाजांत आढळते. महाराष्ट्रातील बहुरूप्याची परंपरा, कोकणातील दशावतारी खेळ, शाळेच्या स्नेहसंमेलनातील किंवा गणेशोत्सवातील विचित्र वेशभूषा स्पर्धा ही तिची परिचित उदाहरणे होत. पाश्चात्त्य जगात हॅलोविन, नाताळ आणि उपवासकाळापूर्वीचा कार्निव्हल या निमित्तांनी वेशांतर केले जाते. या सणांनी विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पर्यटन-जहाजांवरही आपले स्थान निर्माण केले आहे. अमेरिकेतील बंदरांतून सुटणाऱ्या कौटुंबिक क्रूझवर शरद ऋतूत हॅलोविनच्या आणि वर्षाखेरीस नाताळच्या संकल्पनेवर आधारलेल्या सफरी आयोजित होतात. अशा सफरीस निघालेल्या कुटुंबापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. जहाजावरील वेशभूषेच्या समारंभात भाग घ्यावा, की त्यापासून दूर राहावे?

वरकरणी हा प्रश्न केवळ हौसेचा व खर्चाचा वाटतो. तथापि जहाज ही इतर ठिकाणांहून वेगळी जागा आहे. गावातील समारंभ न आवडल्यास मनुष्य घरी परतू शकतो. भर समुद्रातील प्रवाशास ती सोय नसते. त्यामुळे जहाजावरील उत्सवात सामील होणे अथवा न होणे या गोष्टीला व्यक्तिस्वातंत्र्याचा संदर्भ प्राप्त होतो. हा संदर्भ आजच्या क्रूझने निर्माण केलेला नसून त्यास किमान दोन शतकांचा इतिहास आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. जहाजांवरील वेशांतराच्या समारंभांची ऐतिहासिक वाटचाल स्पष्ट करणे.
२. या समारंभांतील सक्ती, शिष्टाचार व ऐच्छिकता यांचे बदलते स्वरूप तपासणे.
३. आजच्या कौटुंबिक क्रूझवरील सहभागाच्या प्रश्नाचा या पार्श्वभूमीवर विचार करणे.

प्रस्तुत लेखासाठी प्रवासवर्णने, आत्मचरित्रे आणि जहाज वाहतुकीचा इतिहास या साधनांचा आधार घेतला असून वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

विषुववृत्तावरील नेपच्यून : सक्तीचा कालखंड

युरोपीय जहाजांवरील वेशांतराचा सर्वांत प्रसिद्ध समारंभ म्हणजे विषुववृत्त ओलांडताना होणारा विधी होय. जहाज विषुववृत्तावर आले की एखादा अनुभवी खलाशी समुद्रदेव नेपच्यूनचे सोंग घेई. दुसरा खलाशी स्त्रीवेश धारण करून त्याची राणी होई. त्यांच्यासोबत न्हावी, शिपाई इत्यादी सोंगांचा लवाजमा असे. प्रथमच विषुववृत्त ओलांडणाऱ्यांना या दरबारापुढे उभे केले जाई, त्यांच्या तोंडाला डांबर व रंग फासून गंजक्या लोखंडी पट्टीने 'दाढी' केली जाई आणि शेवटी त्यांना पाण्यात बुचकळले जाई.

चार्ल्स डार्विन 'बीगल' जहाजावर असताना फेब्रुवारी १८३२ मध्ये या विधीतून गेला. त्या वेळी त्याचे वय २३ वर्षे होते. डोळे बांधून त्याला फळीवर बसवण्यात आले, तोंडाला डांबर फासण्यात आले आणि फळी कलंडवून पाण्यात टाकण्यात आले. इतरांची अवस्था आपल्यापेक्षा वाईट झाल्याचे त्याने दैनंदिनीत नोंदवले आहे. जहाजाचा कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय याने मात्र आपल्या वृत्तांतात या प्रथेची सौम्य पाठराखण केली. अनेक जण या प्रथेला मूर्खपणा समजत असले तरी तिच्या तयारीत रमणाऱ्या आणि नंतर दीर्घकाळ तिच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसांच्या मनावर होणारा परिणाम प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज कळत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता.

फिट्झरॉयच्या युक्तिवादात तथ्य होते. महिनोन् महिने कडक शिस्तीत राहणाऱ्या खलाशांना एक दिवस का होईना, अधिकाऱ्यांवर पाणी ओतण्याची मुभा मिळे. परंतु या विधीची दुसरी बाजूही लक्षात घेणे आवश्यक आहे. नकार देण्याचा अधिकार सर्वांना सारखा नव्हता. अनेक जहाजांवर मद्य किंवा पैसे देऊन सुटका करून घेता येत असे. ऐपतदार प्रवाशाला हा मार्ग खुला होता, गरीब खलाशी-पोऱ्याला नव्हता. अलिप्ततेचीही किंमत होती आणि ती ज्याला परवडे त्यालाच अलिप्त राहता येई.

या संदर्भात मुंबईचा संबंध विशेष उल्लेखनीय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईस येणाऱ्या एका जहाजावरील लष्करी अधिकाऱ्याने या विधीत भाग घेण्यास नकार दिला. त्याला बळजबरीने विधीस सामोरे जावे लागले. मुंबईस पोहोचल्यावर त्याने रेकॉर्डरच्या न्यायालयात दाद मागितली व न्यायालयाने त्याला नुकसानभरपाई मंजूर केली. 'गंमत' आणि 'मारहाण' यांतील सीमारेषा संमतीवर अवलंबून असते, हे तत्त्व जहाजावरील सोंगांच्या बाबतीत मुंबईतील न्यायासनासमोर इतक्या लवकर मांडले गेले, ही बाब महत्त्वाची आहे.

सुएझनंतरची प्रवासी जहाजे : शिष्टाचाराचा कालखंड

केप ऑफ गुड होपला वळसा घालून इंग्लंडहून मुंबईस येणाऱ्या जहाजाला विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि हा मार्ग बदलला. भूमध्य समुद्र, तांबडा समुद्र व अरबी समुद्र या नव्या मार्गावर विषुववृत्त लागतच नाही. परिणामी, मुंबईच्या प्रवाशाच्या वाट्याला येणारा नेपच्यूनचा दरबार भूगोलानेच संपुष्टात आणला. मात्र वेशांतराची हौस संपली नाही. पी. अँड ओ. व अन्य कंपन्यांच्या प्रवासी जहाजांवर 'फॅन्सी ड्रेस बॉल' हा करमणुकीच्या कार्यक्रमाचा नेहमीचा भाग बनला.

या समारंभामागे तत्कालीन उच्चभ्रू समाजाची अभिरुची होती. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवी वर्षात, २ जुलै १८९७ रोजी, लंडनमधील डेव्हनशायर हाउस येथे झालेला वेशभूषा समारंभ इतिहासप्रसिद्ध आहे. त्यात यजमानीण डचेस पाल्मायराची राणी झेनोबिया हिच्या वेशात अवतरली होती. जहाजावर अर्थातच इतका थाट शक्य नसे. रंगीत क्रेप कागद, पडदे, चादरी आणि जहाजावरील न्हाव्याच्या दुकानातील किरकोळ साहित्य यांवर काम भागे. जहाजावरच तयार केलेल्या पोशाखांचे विशेष कौतुक होई.

येथे बळजबरी नव्हती. तिची जागा शिष्टाचाराने घेतली. तीन आठवडे एकाच मेजावर भोजन करणाऱ्या मंडळींत जो सामील होत नसे, तो शिष्ट किंवा माणूसघाणा ठरे. शिवाय हा आनंद वर्गानुसार विभागलेला होता. पहिल्या वर्गाचा समारंभ पहिल्या वर्गाच्या डेकवर होई. इंजिनखान्यात कोळसा लोटणारे आणि डेकवर राबणारे भारतीय लष्कर, म्हणजेच खलाशी, त्या समारंभाचे पाहुणे कधीच नव्हते. तथापि 'पौर्वात्य' पोशाख हा युरोपीय प्रवाशांचा आवडता पर्याय होता. शेख, महाराजा, गारुडी अशी सोंगे ते हौसेने घेत. ज्याचा पोशाख सोंग म्हणून चाले, त्या माणसाला मात्र त्या दिवाणखान्यात प्रवेश नसे.

भारतीय प्रवाशाच्या दृष्टीने हा विरोधाभास अधिक तीव्र होता. युरोपीय प्रवाशाचे वेशांतर एका रात्रीपुरते होते. भारतीयाचे बंदर सुटल्यापासून सुरू होई. मोहनदास गांधी ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून विलायतेस निघाले. तत्पूर्वी मुंबईत ज्ञातीने त्यांना बहिष्कृत केले होते. जहाजावर ते काळा पोशाख वापरत. काट्या-चमच्यांचा सराव नसल्याने व पदार्थांत मांस आहे काय हे विचारण्याचा संकोच वाटल्याने ते भोजनगृहात न जाता खोलीतच सोबतचा फराळ खात. पांढरा फ्लॅनेलचा पोशाख त्यांनी उतरण्याच्या दिवसासाठी राखून ठेवला होता. सप्टेंबरच्या अखेरीस साउदॅम्प्टनला उतरल्यावर असा पोशाख घातलेले आपण एकटेच आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले. त्या संकोचाचे वर्णन त्यांनी आत्मकथेत प्रांजळपणे केले आहे.

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण याहून वेगळे आहे. एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. तत्पूर्वी श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, आपली साधी राहणी सोडणार नाही, असे त्यांनी जाहीर केले होते. मिशनरी स्त्रियांच्या सहवासात झालेल्या त्या प्रवासात त्यांनी आपला निश्चय टिकवला. गांधींची अलिप्तता संकोचातून आली होती, आनंदीबाईंची निश्चयातून. दोन्ही प्रसंगी प्रश्न एकच होता : इतरांच्या रीतीत मिसळताना स्वतःचे किती सोडावे?

कौटुंबिक क्रूझ : विक्रीचा कालखंड

प्रवासाऐवजी केवळ विहारासाठी जहाज चालवण्याची कल्पनाही एकोणिसाव्या शतकातीलच आहे. जानेवारी १८९१ मध्ये आल्बर्ट बालिन याने 'ऑगुस्टा व्हिक्टोरिया' या जर्मन जहाजाची भूमध्य समुद्रातील सफर आयोजित केली. तथापि क्रूझ उद्योगाचा खरा विस्तार विमानामुळे झाला. १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झाली आणि वाहतुकीचे साधन म्हणून जहाज मागे पडले. १९६६ पासून मायामीहून 'सनवर्ड' जहाजाच्या कॅरिबियन सफरी सुरू झाल्या. १९७२ मध्ये कार्निव्हल कंपनीचे पहिले जहाज निघाले. त्याचे नाव 'मार्डी ग्रा', म्हणजे कार्निव्हलचा अखेरचा दिवस, असे होते. वेशांतराचा सण आता कंपनीचे आणि जहाजाचे नाव बनला होता.

कुटुंब आणि मुले यांचा जहाजावरील सोंगांशी संबंध मात्र क्रूझपेक्षा जुना आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलिया सरकारच्या साहाय्यित स्थलांतर योजनेखाली ब्रिटिश कुटुंबे समुद्रमार्गे तिकडे गेली. त्या जहाजांवर मुलांसाठी विचित्र वेशभूषेचे मेळावे भरत आणि आया कागद, कापूस व टाकाऊ कापडातून पोशाख तयार करत. देश कायमचा सोडणाऱ्या त्या कुटुंबांना या खटाटोपाने एकमेकांशी जोडले. सहभागाची ही बाजू विसरून चालणार नाही.

१९९८ मध्ये 'डिस्ने मॅजिक' हे जहाज सेवेत आले आणि कौटुंबिक क्रूझला निश्चित स्वरूप प्राप्त झाले. पुढे हॅलोविन व नाताळच्या सफरी, तसेच चाचेगिरीच्या कल्पनेवरील 'पायरेट नाइट' हे या उद्योगाचे ठळक आकर्षण ठरले. पूर्वी जहाजावर क्रेप कागदाचा पोशाख बनत असे. आता तयार पोशाख घरूनच विकत आणला जातो. सुरक्षेच्या कारणास्तव चेहरा झाकणारे मुखवटे व खऱ्यासारखी दिसणारी खोटी शस्त्रे यांवर सामान्यतः निर्बंध असतात. नेपच्यूनच्या दरबारात अंगावर धावून येणारे सोंग आता नियमावलीत बंदिस्त झाले आहे, ही निःसंशय प्रगती होय.

सक्ती मात्र वेगळ्या रूपात शिल्लक राहते. तिकिटाचा खर्च वसूल व्हावा ही भावना, छायाचित्रांची हौस आणि इतर मुलांकडे पाहून होणारा हट्ट यांतून ती व्यक्त होते. मुखवट्यांना भिणारे लहान मूल, गर्दी न सोसणारे आजोबा किंवा हॅलोविन आपल्या धर्माचरणात न बसणारे कुटुंब यांची अडचण डार्विनच्या सहप्रवाशांइतकी शारीरिक नसली तरी ती खरी असते.

सोंगाच्या निवडीचाही विचार व्हावा. मराठी वाचकास 'पायरेट' या शब्दाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या लेखी कान्होजी आंग्रे हे 'चाचे' होते; मराठ्यांच्या लेखी ते सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालेल्या पर्यटन-जहाजास 'आंग्रिया' हे नाव दिले गेले. एका इतिहासातील चाचा दुसऱ्या इतिहासात वीर असतो. २०२१ पासून मुंबईहून मोठ्या क्रूझ सफरीही सुरू झाल्या असल्याने हा विषय मराठी कुटुंबांना आता दूरचा राहिलेला नाही.

निष्कर्ष :

१. जहाजावरील वेशांतराचे समारंभ सक्ती, शिष्टाचार आणि विक्री अशा तीन टप्प्यांतून गेले. प्रत्येक टप्प्यात दबावाचे साधन बदलले. दबाव पूर्णतः नाहीसा झाला नाही.

२. या समारंभांनी परक्या माणसांना जवळ आणण्याचे कार्य निश्चितपणे केले. त्यामुळे सहभाग हा केवळ पोरखेळ मानून तो त्याज्य ठरवणे इतिहासाला धरून होणार नाही.

३. समारंभाचे मोल न येणाऱ्याला मिळणाऱ्या वागणुकीवरून ठरते. मुंबईच्या न्यायालयाने मान्य केलेला नकाराचा अधिकार कौटुंबिक क्रूझवरील लहान मुलालाही तितकाच लागू आहे.

४. दुसऱ्याचा वेश घेताना तो वेश ज्याचा नित्याचा आहे, त्याला त्या समारंभात कोणते स्थान आहे, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

सारांश, कौटुंबिक क्रूझवरील वेशभूषेच्या समारंभात कुटुंबाने अवश्य सहभागी व्हावे; परंतु घरातील प्रत्येकाचा होकार स्वतंत्रपणे घेऊनच. ज्याला सोंग घ्यायचे नाही, त्याला आपल्या नित्याच्या वेशात डेकवर बसून समुद्र पाहता आला पाहिजे आणि त्याबद्दल त्याला कोणास खुलासा द्यावा लागू नये. दोनशे वर्षांपूर्वीच्या प्रवाशाला एवढ्यासाठीच न्यायालयाची पायरी चढावी लागली होती.