अनध्यायाचा विसर



जुन्या पाठशाळेत प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या हे अनध्यायाचे दिवस असत. विश्रांती अध्ययनाच्या नियमातच गोवलेली होती. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ साली पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. मुंबई इलाख्यातील आपल्या बेळगावची मुलेही पुढे तीच परीक्षा देऊ लागली आणि विश्रांती ‘परीक्षेनंतर’ ढकलली गेली. त्याच विद्यापीठाचे आरंभीचे पदवीधर न्यायमूर्ती रानडे यांना १८९४ साली पदवीधरांच्या अकाली मृत्यूंची कारणमीमांसा करावी लागली, हे विसरून चालणार नाही.

माझा प्रबंध सादर झाल्यावर कित्येक महिने मी पहाटे चारला दचकून उठत असे. काम उरले नव्हते, तरी हात टिपणवहीकडे जाई; स्वस्थ बसणे अपराध वाटे. तो मी स्वभावदोष मानला. आज वाटते, आम्ही अध्ययन शिकलो, अनध्याय शिकलोच नाही. शेवटची उत्तरपत्रिका दिल्यावर तो एकाएकी साधत नाही. त्याचाही अभ्यास बालपणापासूनच हवा.

म्हणून या शाळेतील शिक्षकांना एवढीच विनंती: आठवड्यातील एक संध्याकाळ मुलांना गृहपाठाविना द्यावी.