'कोकण डान्स' कोणत्या सालात ठेवायचा? मरणोत्तर अल्बम आणि आपली कालपट्टी

संशोधनाचा आराखडा लिहिताना गाईड कालपट्टी काढायला सांगतात आणि आपण पटापट सालं भरत जातो. पुस्तक छापलं ते साल, सिनेमा लागला ते साल, रेकॉर्ड बाजारात आली ते साल. माझा विषय मुंबईतून बाहेर पडलेले गोवेकर वादक. माझ्या कालपट्टीत एक अल्बम असा आहे जो कुठल्याच एका घरात बसत नाही. गिटारवादक अमान्सियो डिसिल्व्हा यांचा 'कोकण डान्स'. लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झाला १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. डिसिल्व्हा गेले १९९६ मध्ये. आणि अल्बम लोकांच्या हातात पडला तो थेट एकविसाव्या शतकात.

आधी माणूस कोण ते सांगते. डिसिल्व्हा १९३६ साली मुंबईत जन्मले, घर गोवेकर ख्रिश्चन. त्या काळच्या मुंबईत गोवेकर वादकांचं जग धोबीतलाव आणि गिरगावच्या त्या बाजूच्या गल्ल्यांत होतं. गोव्यातल्या कितीतरी गावांचे इथे कूड होते, म्हणजे गावच्या माणसाला स्वस्तात पाठ टेकायला जागा आणि पेटी ठेवायला कोपरा. बोटीवर जाणारा खलाशी आणि ट्रम्पेट घेऊन आलेला वादक, दोघंही तिथेच उतरायचे. गावच्या चर्चच्या शाळेत स्वरलिपी वाचायला शिकलेली ही माणसं रात्री हॉटेलांत जॅझ वाजवायची आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. सिनेमाच्या तबकडीवर मात्र त्यांची नावं नसायची. (वादकांचा इतिहास लिहिणाऱ्याची अर्धी दमछाक इथेच होते.)

डिसिल्व्हा १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनला गेले आणि तिथे डेनिस प्रेस्टन या निर्मात्याने त्यांना ऐकलं. १९६९ मध्ये 'इंटिग्रेशन' आला. त्याच वर्षी जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट याच्याबरोबर 'हम दोनो' ध्वनिमुद्रित झाला. त्यात 'बॅलड फॉर गोवा' नावाची रचना आहे. मग १९७२ चा 'ड्रीम सीक्वेन्स', त्यात क्लेम अल्फर्डची सतार आणि केशव साठे यांचा तबला. साठेही मुंबईचेच. 'कोकण डान्स' या सगळ्याच्या लगतचा. पण तो तेव्हा निघाला नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. प्रेस्टन कंपनीचा नोकर नव्हता. तो लॅन्सडाउन स्टुडिओत स्वतः टेप तयार करायचा आणि मग ती मोठ्या कंपन्यांना द्यायचा. म्हणजे वाजवणारा एक, टेप करणारा दुसरा, छापून विकणारा तिसरा. या साखळीत शेवटची कडी जुळली नाही की पूर्ण झालेलं कामही कपाटात पडून राहतं. तेव्हा 'अप्रकाशित' दिसलं की 'अपुरं' किंवा 'कलाकाराने नाकारलेलं' असं लगेच लिहू नका. तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

आता मुद्द्यावर येते. इंडो-जॅझवरच्या लेखनात 'कोकण डान्स' हा टप्पा, प्रभाव, वळण अशा शब्दांत मांडायचा मोह होतो. पण जे तीसेक वर्षं विकत मिळालंच नाही त्याचा प्रभाव पडणार कोणावर? १९७०च्या दशकातल्या श्रोत्याने तो ऐकलेला नाही, समीक्षकाने परीक्षण लिहिलेलं नाही, दुसऱ्या वादकाने त्यावरून काही उचललेलं नाही. तो त्या काळाचा पुरावा आहेच, पण कशाचा? डिसिल्व्हा तेव्हा काय वाजवत होते याचा. लोक काय ऐकत होते याचा नाही. श्रवणाचा पुरावा म्हणून तो २००० नंतरचा आहे, जेव्हा जुन्या ब्रिटिश जॅझला पुन्हा गिऱ्हाईक मिळालं. जाइल्स पीटरसनचं 'इम्प्रेस्ड' हे संकलन २००२ चं, त्याच लाटेतलं. एकाच ध्वनिमुद्रणाची ही दोन सालं दोन वेगळ्या इतिहासांची आहेत, आणि तुमचा प्रश्न कोणत्या इतिहासाचा आहे ते आधी ठरवावं लागतं.

मरणोत्तर अल्बमांचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अर्थातच जिमी हेंड्रिक्स. १८ सप्टेंबर १९७० रोजी तो लंडनमध्येच गेला, वय २७. चौथ्या स्टुडिओ अल्बमचं काम अर्धवट होतं. १९७१ चा 'द क्राय ऑफ लव्ह' ध्वनियंत्री एडी क्रेमर आणि ढोलवादक मिच मिचेल यांनी लावला. हे दोघं निदान त्या खोलीत होते. १९७५ च्या 'क्रॅश लँडिंग'ची गोष्ट निराळी. निर्माता अ‍ॅलन डग्लसने मूळ साथीदारांचं वादन काढून तिथे भाड्याचे वादक बसवले, वर काही गाण्यांच्या श्रेयात स्वतःचं नाव घातलं. १९९५ मध्ये हक्क कुटुंबाकडे आले आणि १९९७ मध्ये त्या अर्धवट चौथ्या अल्बमची सामग्री 'फर्स्ट रेज ऑफ द न्यू रायझिंग सन' म्हणून पुन्हा लावली गेली. गिटार हयातीतली, ड्रम मृत्यूनंतरचे: 'क्रॅश लँडिंग'सारख्या तबकडीवरून हेंड्रिक्सच्या लयीवर निबंध लिहिणाऱ्याची मला खरंच काळजी वाटते.

आपल्याकडे स्टुडिओपेक्षा मैफल आणि रेडिओचा साठा जास्त. द. वि. पलुस्कर १९५५ मध्ये गेले, चौतिसाव्या वर्षी. आज आपण त्यांचं जे गाणं ऐकतो त्यातलं बरंचसं आकाशवाणीच्या संग्रहातून नंतर बाहेर आलेलं. ते गाणं तेव्हाच्या श्रोत्याने रेडिओवर ऐकलं होतं, एकदाच का होईना. म्हणजे पलुस्करांच्या बाबतीत श्रवणाचा इतिहास सुरुवातीपासून आहे, डिसिल्व्हांच्या या अल्बमला तो नाही. तिसरा प्रकार मदन मोहन यांचा: ते १९७५ मध्ये गेले आणि त्यांच्या न वापरलेल्या चाली २००४ च्या 'वीर-झारा'त आल्या. चाल त्यांची, पण वाद्यमेळ, आवाज, ध्वनिमुद्रण सगळं नवं. तिन्हींना 'मरणोत्तर' हा एकच शब्द लावला की फरक पुसला जातो.

म्हणून मी अशा प्रत्येक अल्बमला चार प्रश्न विचारते. टेप कधीची? मिश्रण कोणी, कधी केलं? गाण्यांचा क्रम कोणाचा? आणि नाव कोणी ठेवलं? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण 'कोकण' या शब्दाचंच बघा. लालबाग-परळच्या माणसाला कोकण म्हणजे गणपतीला सुटणारी गाडी, रत्नागिरी-सिंधुदुर्ग. गोवेकर घरातल्या मुंबईकराला तोच किनारा पुढे गोव्यापर्यंत जातो. १९७०च्या लंडनमधल्या गिऱ्हाइकाला तो शब्द निव्वळ दूरदेशीचा. शीर्षकावरून ओळख, स्थलांतर, आठवण असं काही सिद्ध करायचं असेल तर टेपच्या डब्यावर काय लिहिलंय ते आधी बघावं, आणि आजच्या वेष्टनावरचा मजकूर हा आजच्या विक्रेत्याचा मजकूर म्हणून वाचावा.

माझ्या आराखड्यात आता 'कोकण डान्स' दोन प्रकरणांत येतो. दुसऱ्या प्रकरणात वादनाचा नमुना म्हणून, 'हम दोनो'च्या शेजारी. पाचव्यात, जुन्या टेपांच्या नव्या बाजाराबद्दल लिहिताना. कालपट्टीत त्याच्यापुढे दोन खुणा आहेत आणि मधली लांब रेघ मी मुद्दाम रिकामी ठेवली आहे.